गोधडीवालीची जोडसायकल

एक गाव होतं, टेकडीच्या अलीकडे. गावात शाळा होती, पण चौथीपर्यंतच. पाचवीची शाळा टेकडीच्या पलीकडे, मोठ्या गावात. त्यामुळे अलीकडच्या गावातली मुलं चौथी झाली की गुरांमागं जायची आणि मुली चुलीपुढं बसायच्या.

त्या गावात गोधड्या शिवणारी एक बाई राहत होती. नवरा लांब धरणाच्या कामावर. घरात ती आणि तिची मुलगी तानू, दोघीच. बाई कामाला चोख, पण स्वभावानं भारी भित्री. स्वतःसाठी नाही हो, मुलीसाठी. तानू झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चाललाय ना ते बघायची. तानू विहिरीवर गेली की ही मागोमाग. तानूनं बोर खाल्लं की हिचा हात पुढं, "बी दाखव आधी."

तानू चौथी पास झाली तेव्हा गुरुजी घरी आले. म्हणाले, "बाई, पोरगी हुशार आहे. हिला पाचवीत घाला. पण एक सांगतो, मोठ्या शाळेत जागा थोड्या असतात. शाळा उघडते त्या दिवशी प्रार्थनेच्या आत जो हजर, त्याचंच नाव पटावर. उशीर झाला की जागा दुसऱ्याला."

बाई हो म्हणाली आणि काळजीत पडली. वाट रानातली. मुलीला एकटीला पाठवायला तिचं मन धजेना. रोज सोबत चालत जायचं आणि चालत यायचं, तर गोधड्या कधी शिवायच्या? आणि शिवल्या नाहीत तर खायचं काय? आता तुम्ही म्हणाल, सायकल घ्यायची आणि मुलीला मागं कॅरिअरवर बसवायचं. पण एवढ्या मोठ्या मुलीला घेऊन टेकडीचा चढ एकट्या बाईला झेपणारा नव्हता. आणि सायकल विकत घेण्याएवढे पैसे होते कुठे?

एकदा ती सुऱ्याला धार लावायला लोहाराकडे गेली. त्याच्या छपरामागं दोडक्याचा वेल पसरला होता. वेलाखाली काहीतरी लांबलचक पडलं होतं. तिनं पानं बाजूला केली, तर सायकल! पण साधी नाही. दोन सीट, दोन हँडल, पायडलच्या दोन जोड्या. एकामागं एक बसून दोघांनी चालवायची जोडसायकल.

"लोहारदादा, ही कुणाची हो?"

"होती एका हौशी जोडप्याची. दुरुस्तीला घेऊन आले आणि पुढं कुणी बसायचं यावरून इथंच भांडले. दोघं दोन वाटांनी गेले, सायकल राहिली. आता माझा दोडका चढतो तिच्यावर."

"विकता का?"

"काय, दोडका?"

"सायकल हो! पण माझ्याकडं पैसे फारसे नाहीत."

लोहार हसला. "तिला कोण घेणार? एकट्या माणसाला ती जड, आणि या गावात दोन माणसांचं जमतंय कुठं! मला एक जाड गोधडी द्या आणि घेऊन जा. दोडके मात्र माझे."

सायकल घरी आली. दोघींनी मिळून ती ढकलत आणली, कारण एकही चाक धड फिरत नव्हतं. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "अगं, यापेक्षा म्हैस घ्यायचीस! चालली नसती तरी शेण तरी मिळालं असतं."

बाईनं पदर खोचला. कामाला लागली.

पहिल्यांदा गंज. विटेचा तुकडा आणि राख घेऊन दोघी घासत बसल्या. हात लाल झाले, पण खालचं लोखंड दिसायला लागलं. साखळी रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. मधली लांब साखळी तुटलेली होती, ती लोहारानं भंगारातल्या तीन साखळ्या जोडून एक करून दिली. ट्यूब पाण्याच्या बादलीत दाबली की तानू ओरडायची, "आई, इथं बुडबुडा! आई, इथं पण!" ठिगळं लावून लावून ट्यूब तिच्या आईच्या गोधडीसारखीच दिसायला लागली. मागची पायडलं गेलेली होती, तिथं बाभळीच्या लाकडाची बसवली. ब्रेकला जुन्या टायरचं रबर. तेलाचा रिकामा डबा कापून साखळीवर झाकण केलं, कारण तानूचा परकर साखळीत अडकेल या भीतीनं बाईला झोप येत नव्हती. सीटच्या स्प्रिंगा उघड्या पडल्या होत्या, त्यांवर चिंध्यांच्या गाद्या शिवल्या. पुढची पातळ झाली, मागची चांगली जाड.

मागच्या सीटचा नट तर बाईनं इतक्यांदा आवळला की लोहार म्हणाला, "बास करा बाई. आता आवळलात तर मोडेल."

सायकल तयार झाली. बाईला लहानपणी माहेरी भावाची सायकल फिरवायची सवय होती, त्यामुळे चालवता येत होतं. हँडल पुढच्याच्याच हाती फिरतं, ब्रेकही पुढंच. मागच्यानं नुसतं घट्ट धरायचं आणि पाय मारायचे. म्हणून आई पुढं बसली आणि तानू मागं.

खळ्यावर सराव सुरू झाला. दोन पायडलं मारली आणि बाईनं मागं वळून पाहिलं, "बसलीस ना नीट?" मान वळली तसा हात वळला, हात वळला तसं चाक वळलं, आणि दोघी कुंपणाच्या घाणेरीत.

पुन्हा बसल्या. "धरलंयस ना?" म्हणून मान वळली, आणि सायकल कडब्याच्या गंजीत.

"आई, तू मागं बघू नकोस ना!"

"बघू नको कसं? पडलीस म्हणजे?"

"तू बघतेस म्हणूनच तर पडतेय मी."

बाईला हे पटलं. पण तिनं केलं काय, तर भिंतीवरचा आरसा काढला आणि सुतळीनं हँडलला बांधला. आता मान वळवायला नको. आरशात बघितलं की तानू दिसते! तिला वाटलं, झालं आपलं काम.

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. एक दिवस दोघी रस्त्यावर निघाल्या. सायकल छान चालली. बाईनं आरशात बघितलं, तानूची वेणी सुटलेली. पुन्हा बघितलं, वेणी खांद्यावर आलेली. ही वेणी चाकात तर जायची नाही ना? ती बघतच राहिली. आणि समोर रस्त्याच्या मधोमध एक रेडा बसला होता, अगदी आरामात रवंथ करत. तो एवढा मोठा, एवढा काळा, पण बाईला दिसला नाही.

रेड्याला काही झालं नाही. त्यानं फक्त एकदा वळून पाहिलं. पण पुढचं चाक वाकडं झालं, आरशाचे तुकडे झाले आणि तानूचा गुडघा चांगला सोलला. रक्त आलं.

बाईनं पदर फाडून गुडघ्याला बांधला. "बास," ती म्हणाली. "नको ती सायकल आणि नको ती शाळा. चुलीपुढं बस माझ्या. डोळ्यांसमोर तरी राहशील."

दोघी लंगडत, सायकल ओढत घरी आल्या. बाईनं सायकल भिंतीला टेकवली आणि चूल पेटवायला गेली. परत येऊन बघते तर तानू मागच्या सीटवर चढून बसलेली.

"उतर म्हटलं ना!"

"आई, इथं बसलं की मला काय दिसतं, सांगू?"

"काय दिसतं?"

"तुझी पाठ. नुसती पाठच. मला रस्ता दिसत नाही, खड्डा दिसत नाही, रेडापण नाही दिसला. तरी मी बसते. का? तर तू पुढं बघतेस म्हणून. आता तू पण मलाच बघत बसलीस, तर रस्ता कुणी बघायचा?"

बाई म्हणाली, "अगं, पण तू मागं आहेस की पडलीस, मला कळणार कसं?"

"मी बोलत राहीन ना. माझा आवाज आला की समजायचं, मी आहे."

"आणि थकलीस म्हणजे?"

"मी? बोलून?" तानू म्हणाली, आणि बाईला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

चाक सरळ करायला लोहाराला द्यायला काही नव्हतं, म्हणून बाईनं स्वतःच्या अंथरुणातली गोधडी दिली.

शाळा उघडायचा दिवस आला. दोघी उजाडता उजाडता निघाल्या. बाईनं एवढंच बजावलं, "टेकडीच्या पलीकडं ओढ्यावर दगडी पूल आहे. अरुंद आहे आणि त्याला कठडा नाही. तिथं दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. काही झालं तरी हात सोडायचा नाही."

"नाही सोडणार."

तानूचं बोलणं सुरू झालं. "आई, बाभळीवर होला बसलाय. आई, तुझ्या चोळीचा टाका उसवलाय, लोकांचं शिवतेस आणि स्वतःचं बघत नाहीस. आई, भूक लागली. आई, आत्ता निघालो आणि आत्ताच कशी लागली गं?" चढ आला. दोघींना घाम फुटला. "आई, तू पाय मारतेयस ना? का मी एकटीच?"

"बोल तू, बोल," आई धापा टाकत म्हणाली. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. कान मागं होते, डोळे पुढं होते.

टेकडी संपली. उतार लागला. सायकल आपोआप पळायला लागली, वारा कानांत शिरला. समोर खाली पूल दिसला. दोन हातांएवढा रुंद, खाली पाणी आणि खडक. बाईनं ब्रेक दाबत वेग कमी केला. पुढचं चाक पुलावर चढलं.

आणि मागचा आवाज बंद झाला.

"तानू?"

उत्तर नाही.

"तानू, बोल ना!"

काहीच नाही.

बाईला वाटलं, पडली. नक्की पडली. उतारावरच पडली असणार. मान वळायला लागली, हनुवटी खांद्याकडं गेलीसुद्धा. पण तेवढ्यात तिच्या मनात आलं, ती पडली असेल तर मी बघून ती उठणार नाही. आणि ती मागं असेल तर मी बघून दोघी पाण्यात जाऊ. आधी हा पूल. मग मुलगी.

तिनं हनुवटी परत पुढं आणली. जीव सगळा मागं आणि डोळे दगडांवर. एक दगड गेला, दुसरा गेला, एक निसटलेला होता त्याला वळसा घातला. पुलावर कसला वेळ लागतो? पण तिला वाटलं, जन्म गेला.

पलीकडं माती लागली. तिनं ब्रेक दाबला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि मग मागं वळून पाहिलं.

तानू सीटवर होती. दोन्ही हात हँडलला घट्ट. ओठ मिटलेले, गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. आईनं बघितलं तशी तिनं हात सोडला, खाली वाकली आणि थुंकली, "थू! थू! चिलट गेलं तोंडात."

"अगं बये! मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? तोंड उघडलं असतं तर गिळलं असतं. आणि बोटानं काढावं, तर तूच म्हणालीस ना, पुलावर हात सोडायचा नाही."

बाई तिथंच रस्त्याच्या कडेला बसली. तिला हसूही येईना आणि रडूही आवरेना.

एवढ्यात शाळेच्या बाजूनं घंटा वाजायला लागली.

"आई, रडायचं नंतर. ऊठ!"

दोघी अशा पळाल्या की सायकललाच आश्चर्य वाटलं असेल. शाळेच्या फाटकातून आत शिरल्या तेव्हा मुलं रांगेत उभी होती आणि प्रार्थना अजून सुरू व्हायची होती. मास्तरांनी नाव विचारलं. तानूनं सांगितलं. त्यांनी पटावर लिहिलं.

बाई फाटकाजवळ उभी राहिली. पिशवीत ती सुईदोरा आणि फडकी घेऊन आली होती, दिवसभर तिथल्या चिंचेखाली बसायचं म्हणून. शिपायानं विचारलं, "बाई, शाळा संध्याकाळी सुटते. तोवर इथंच बसणार?"

बाईनं वर्गाच्या खिडकीकडं बघितलं. तानू कुठल्या बाकावर बसली ते काही दिसेना.

"नाही," ती म्हणाली. "घरी काम पडलंय. संध्याकाळी येते."

जाताना चढावर मागून पाय मारायला कोणी नव्हतं, म्हणून तिनं उतरून सायकल ढकलली. घरी येऊन गोधडी पसरली आणि शिवायला बसली. त्या दुपारी तिच्या बोटाला सुई टोचली नाही असं नाही. बऱ्याचदा टोचली. पण ती उठून रस्त्यावर जाऊन उभी राहिली नाही.

तात्पर्य काय, तर लेकराची काळजी असेल त्यानं लेकराकडं वळून वळून बघू नये, लेकराच्या वाटेकडं बघावं.