बिस्किटाचं छप्पर

एका गावातली तरुण आई एका वृद्ध मावशींकडे बिस्किटं भाजायला शिकत होती. तिच्या जिवाला एकच घोर होता. तिची पाच वर्षांची रेवा स्वतःहून काहीच करेना. बटण लावायचं तर "तूच लाव", घास घ्यायचा तर "तूच भरव". शाळेत हिचं कसं व्हायचं?

नाताळच्या आधी मावशी गल्लीतल्या मुलांना आल्याच्या बिस्किटांची घरं करायला बसवीत. साखरेच्या घट्ट लेपानं भिंती चिकटवायच्या, वर रंगीत गोळ्या लावायच्या. त्या म्हणाल्या, "रेवालाही आण."

रेवा आली, आणि आश्चर्य म्हणजे कामाला लागली. भिंती तिरक्या झाल्या. गोळ्या तर तिनं सगळ्या छपराच्या एकाच कोपऱ्यात दाटीनं बसवल्या. मग ती हात धुवायला गेली. आईला राहवेना. तिनं पटकन भिंती सरळ केल्या आणि गोळ्यांची सुबक रांग लावली.

रेवा परतली. घराकडे बघत राहिली.

"माझं कुठंय?"

"हेच की बाळा! बघ, किती छान दिसतंय."

"तूच कर मग," म्हणून रेवा पाठ फिरवून बसली.

मावशी हे पाहत होत्या. त्या उठल्या, ते देखणं छप्पर त्यांनी कडकन मोडलं आणि शांतपणे खाऊ लागल्या.

आई गोंधळून गेली. "अहो मावशी, हे काय केलंत?"

"आलं जरा कमी पडलंय."

"थट्टा काय करता? पोरीचं घर मोडलंत!"

"तिचं तू मघाशीच मोडलंस. हे तुझं होतं, म्हणून खाल्लं. अगं, पोर आळशी नाही. आपण केलेलं आईला पुन्हा करावंच लागतं, हे तिला कळून चुकलंय. मग तिनं हात तरी कशाला लावावा?"

"पण मी मायेनंच केलं ना?"

"मायेनंच केलंस."

आईला हे काही केल्या उलगडेना. मायेनं केलेलं चुकीचं कसं ठरेल? आणि तिरक्या भिंतींवरून छप्पर घसरून पडलं असतं तर?

मावशींनी रेवापुढे छपरासाठी नवं बिस्कीट ठेवलं. बराच वेळ गेला. मग रेवानं ते उचललं, वाकडंच बसवलं. आईनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"आई, ही गोळी कुठं लावू?"

उत्तर आईच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"मला नाही गं समजत."

रेवानं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग जवळ सरकून म्हणाली, "थांब, मी दाखवते तुला."