हौसाची पहिली काहील

नदीकाठच्या एका गावात दाजिबा नावाचा गुळव्या होता. गुळव्या म्हणजे उकळता रस पाहून गूळ कधी उतरवायचा ते सांगणारा. त्याचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं, ऊस होता आणि हौसा नावाची एकुलती एक लेक होती. "हे सगळं तुझंच आहे पोरी," असं तो दिवसातून दहादा म्हणायचा. पण रस उकळायच्या त्या मोठ्या कढईला, काहिलीला, हात लावू देईल तर शपथ!

"माझ्यामागं तूच मालकीण," तो एकदा म्हणाला, तशी हौसा फणकारली, "तुमच्यामागं चुकले, तर विचारू कुणाला?"

दाजिबाला ते चांगलंच झोंबलं. शेजारच्या गावात बाप गेल्यावर पोरांनी एका हंगामात गुऱ्हाळ मोडून खाल्लं होतं. "बरं," तो म्हणाला, "आजची काहील तुझी. तू सांगशील तेव्हाच उतरेल."

अहो, काय सांगू! गुऱ्हाळावर नुसती धांदल उडाली. जाळ भडकला, रस उसळला, सारं गाव गोळा झालं. हौसानं ताटलीतल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकला, बोटांनी गोळी वळून पाहिली. "मऊ आहे. थांबा!"

तेवढ्यात दाजिबानं पाहिलं. ताटली चुलवाणाला लागून ठेवलेली! पाणी कोमट झालेलं. त्यात गोळी घट्ट होणार कशी? पाक तर तयार होता. गडी त्याच्याच तोंडाकडं बघत होते. एक शब्द, की काहील वाचली असती. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

गूळ करपला. लोक हसले. हौसा रडवेली झाली. तिनं पुन्हा ताटलीत बोट घातलं आणि ओरडली, "अगं बाई, पाणीच गरम! आबा, तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो, तर काहील पुन्हा माझी झाली असती."

हौसानं पदर खोचला. विहिरीचं गार पाणी मागवलं. दुसरी काहील रटरटली, थेंब पडला, गोळी टणक वळली. "उतरवा!" तिनं अशी हाळी दिली की गडी धावतच सुटले! निववायच्या वाफ्यात गूळ ओतला, पिवळाधमक! दाजिबा हरखून पुढं झाला, तशी ती गरजली, "आबा, हात मागं! निवू द्या आधी!"

दाजिबा मुकाट मागं सरला, आणि भर गुऱ्हाळात टाळ्या पिटत नाचला!

तात्पर्य काय, तर मुलांना जे द्यायचं ते आपण धडधाकट असताना द्यावं, आणि त्यासोबत चुकायचा हक्कही द्यावा. तेव्हाच ते खरं त्यांचं होतं.