मॉगी

"तिला हाकलताना तू काय म्हणालास?" नूरशाबाबांनी विचारलं.

"मॉगी," हेरंब म्हणाला.

हेरंब कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. नोकरी सोडून तो बाबांच्या तकियात, त्या फकिरी मठीत, शिष्य म्हणून राहायला आला होता. सकाळी कोठीतल्या मांजरीवर काठी उगारून त्यानं तिला बाहेर पिटाळलं. तिची पिलं आत पोत्यांमागेच राहिली. त्यांचं रडणं ओसरीपर्यंत येत होतं.

"मॉगी म्हणजे?"

"कुळाचा पत्ता नसलेलं मांजर. इंग्रज लोक बोलताना असं म्हणतात." हेरंबचा आवाज चढला. "आणि बाबा, एका भटक्या मांजरीपायी तुम्ही मला जाब विचारता?"

"विचारतो. हा अर्थ पहिल्यापासूनचा?"

"नाही. आधी गबाळ्या बाईला म्हणत. कुठं कुठं वासरालाही."

"त्याच्याआधी?"

"नक्की कुणालाच ठाऊक नाही. मार्गारेट नावाच्या मुलीला घरात मॅग, मॉग म्हणायचे. त्यावरून आला असावा, असं म्हणतात."

"घरात... म्हणजे कोण म्हणायचं?"

हेरंबनं कोठीकडे पाहिलं.

"आई म्हणत असेल."

बाबा ताडकन उठले. कोठीत गेले. तीन पिलं उपरण्यात घेऊन आले आणि हेरंबच्या हातात कोंबली. डोळेही न उघडलेली... त्याचं बोट चोखू लागली.

"लेकीच्या लाडाचं नाव! आणि तू ते काठीसारखं मारलंस?" बाबांनी दाराबाहेर बोट दाखवलं. "जा. घेऊन ये तिला."

मांजर घाणेरीच्या जाळीत दडली होती. हेरंबनं दरडावून हाक मारली, "मॉगी! ए मॉगी!"

ती फिस्कारली. आणखी आत सरकली.

तो चिडून परत आला. "येत नाही. दुसरं काय नाव घेऊ?"

"शब्द तोच असू दे," बाबा म्हणाले. "तू नको जाऊस. ज्या आईनं तो पहिल्यांदा म्हटला, तिला पाठव."

पिलं छातीशी धरून हेरंब पुन्हा जाळीपाशी गेला आणि मातीत बसला. ऊन डोक्यावर आलं. पिलांचा आवाज बारीक होत चालला. सकाळी आपण हे काय केलं...

"मॉगी," तो म्हणाला. आवाज हलका झाला होता. "ये गं... मॉगी..."

बऱ्याच वेळानं जाळी हलली.

मांजर आली. त्याच्याकडे न बघता तिनं एकेक पिलू हुंगलं आणि तिथंच, त्याच्या मांडीवर, आडवी झाली.

बाबा मागे येऊन उभे होते. हेरंबनं भरल्या डोळ्यांनी वर पाहिलं.

"बाबा, आज मला या शब्दाचा खरा अर्थ..."

"गप्प बस," बाबा खेकसले. "ती पाजतेय."