आधी फेरा, मग पंगत

फार पूर्वी, सिमेंट ही वस्तू कुणाच्या स्वप्नातही नव्हती त्या काळात, डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात एक मठ होता.

मठ दिसायला साधा होता. काळ्या दगडाच्या ओवऱ्या, एक मोठी चूल आणि अंगणात चुन्याची घाणी. घाणी म्हणजे जमिनीत गोल खोदलेली दगडी चरी आणि तिच्यात फिरणारं माणसाच्या छातीएवढं दगडी चाक. भट्टीत भाजलेला चुना, वाळू, गूळ आणि हिरड्याचं पाणी त्या चरीत घालायचं आणि चाक फिरवत राहायचं. चुना लोण्यासारखा मऊ झाला की तो बांधकामाला जायचा. एकदा दगडांत बसला की दगड फुटेल, पण सांधा सुटणार नाही, असा त्याचा लौकिक होता.

खोऱ्यातल्या विहिरी, नदीचे घाट, तलावांचे बांध, सगळं त्याच चुन्यानं बांधलेलं. लेकी सासरी गेल्या तरी तिथे ऐट मारायच्या, "आमच्या माहेरची विहीर मठाच्या चुन्याची आहे म्हटलं!"

इतर ठिकाणी घाणीला बैल जुंपत. इथे माणसं चाक फिरवत. मठ स्थापन करणाऱ्या पहिल्या महंतांनी म्हणे सांगून ठेवलं होतं, "बैलाला शेतात काम आहे. जेवायला आपण बसणार, तर चाकही आपणच फिरवू." तेव्हापासून मठात जेवणाऱ्या प्रत्येकानं आधी चाकाच्या दांड्याला हात लावून एक फेरा मारायचा आणि मगच पंगतीत बसायचं. कडेवर बाळ असलेली बाईसुद्धा एक हात दांड्याला लावायची. जेवणारे पुष्कळ, त्यामुळे चाक दिवसभर फिरायचं.

एका वर्षी उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं, तेव्हा बांधाला पडलेली भेग उघडी पडली. बांधाच्या अगदी पायथ्याशी साळू नावाच्या तरण्या बाईचं घर होतं. नवरा पाथरवट, पदरात वर्षाचं लेकरू. ती रोज पाण्याला जाताना भेगेत बोट घालून बघायची.

"साळूला थेंब दिसला की पूर दिसतो," बायका हसायच्या.

"दिसतोच मला," साळू म्हणायची. "काय करू? डोळेच तसले दिलेत देवानं."

पण तिलाही धीर होता. मठाची घाणी फिरत होती. पावसाआधी चुना तयार होणार, भेग बुजणार, हे ठरलेलं होतं.

अशात मठात एक सरदार आला. बरोबर घोडी, पालखी, पन्नासेक माणसं. पंगतीची वेळ झाली, तसा मठाचा कोठारी आताच्या महंतांच्या कानाशी लागला.

"बाबा, सरदारसाहेबांना चाक फिरवा म्हणायचं? शोभतं का ते?"

"आजवर कुणाला सांगायला शोभलं नाही असं झालंय का?"

"तसं नव्हे, पण ते मठाला सोन्याचा कळस देणार म्हणतात. चार मुलखांत नाव होईल आपल्या मठाचं."

महंत भले होते, म्हातारे होते, आणि मठावर त्यांचा जीव होता. त्यांच्या डोळ्यांपुढे उन्हात झळकणारा कळस उभा राहिला.

"बरं," ते म्हणाले. "आजच्या दिवस राहू दे."

सरदार जेवला, तृप्त झाला आणि निघून गेला. थोड्याच दिवसांत कळस आला. अख्खं खोरं तो बघायला लोटलं.

पण त्याच पंगतीला गावचा पाटील होता. दुसऱ्या दिवशी तो घाणीकडे न वळता सरळ पाटावर बसला. कोठाऱ्यानं खुणावलं तसा म्हणाला, "सरदार त्यांच्या मुलखाचे, तर मी माझ्या गावाचा. मला नाही का मान?" मग वैद्य म्हणाला, नाडी बघणाऱ्या हाताला घट्टे पडून कसं चालेल? हरदास म्हणाला, धाप लागली की सूर जातो. आणि कुंभार तर हसतच बसला, "मी जन्मभर चाकच फिरवतोय, बाबा! माझे फेरे आगाऊच झालेत."

प्रत्येकाचं कारण खरं होतं. पंगती भरत राहिल्या आणि चाक थांबलं. चरीतला चुना उन्हानं कडक होऊन गेला.

मृगाला थोडेच दिवस उरले, तेव्हा साळू लेकराला कडेवर घेऊन मठात आली. येताना वाटेत दोनदा मागे वळली होती. आपण कोण महंतांना विचारणारे? उगाच का आपलाच जीव घाबरा? पण आली.

"बाबा, कळस फार छान दिसतो. आमच्या दारातूनसुद्धा दिसतो."

"हो का?" महंत सुखावले.

"हो. तिथूनच बांधाची भेगही दिसते." "आता तिच्यात माझी मूठ जाते, बाबा. मी या लेकराला घेऊन कुठे जाऊ तेवढं सांगा. मग मी काही विचारणार नाही."

महंत उठून घाणीपाशी गेले. चरीत बोट रोवून पाहिलं, तर ते रुतेना.

कोठारी धावत आला. "बाबा, मी आत्ता सगळ्यांना फैलावर घेतो!"

"कुणाला? ते सगळे माझ्यामागून चुकले. पहिला चुकलो मी."

महंतांनी पहार घेतली आणि कडक झालेला चुना फोडायला सुरुवात केली. चरी मोकळी झाल्यावर नवा चुना आणि हिरड्याचं पाणी घातलं आणि स्वतः दांड्याला खांदा लावला. चाक हललं नाही. म्हाताऱ्या अंगाला ते कुठलं हलणार? साळूनं जवळच्या जुन्या लुगड्याची झोळी करून लेकरू झाडाला टांगलं आणि पदर खोचून ती शेजारी उभी राहिली. कोठारी मान खाली घालून तिसरा आला. चाक कुरकुरलं आणि सरकलं.

तेवढ्यात पंगत मांडली गेली. पानं वाढली, पण महंत बसेनात.

पाटील अवघडून म्हणाला, "बाबा, अन्न निवतंय. चला की."

"तुम्ही बसा पाटील. माझे फेरे तुंबलेत. सरदारांना माफ केलेला फेराही माझ्याच खात्यावर आहे."

पाटलानं पानाकडे पाहिलं, महंतांच्या थरथरत्या पायांकडे पाहिलं. "आता घास तरी कसा उतरायचा," असं पुटपुटत तो उठला. वैद्य उठला, हरदास उठला. कुंभार म्हणाला, "सरका, चाकातलं मला जास्त कळतं!" आणि मग भर दुपारी रिकाम्या पंगतीसमोर घाणी अशी गरगरली की पुसू नका.

महंतांनी सरदाराला निरोप धाडला, "एक तर कळस परत न्यावा, नाही तर राहिलेला फेरा मारून जावा."

सरदार तणतणत आला. अंगणात बघतो तर पाटील घामानं निथळतोय, महंतांची दाढी चुन्यानं दुप्पट पांढरी झालीय, आणि कुणी त्याच्याकडे मान वर करूनही बघत नाही. तो घाणीपाशी आला. मग म्हणाला, "दांड्याला जागा आहे का?"

"आहे की," पाटील म्हणाला. "पण डोक्यावरचा मंदील काढून ठेवा. चुना उडतो."

साळूच्या नवऱ्यानं आणि इतर पाथरवटांनी पावसाआधी भेग बुजवली. मग पाऊस आला, आणि असा आला की तलाव काठोकाठ भरला. साळू घरातल्या घरात फेऱ्या घालत होती. शेवटी न राहवून ती भिजत बांधापाशी गेली आणि सांध्यावर तळहात दाबून धरला. दगड गार होता. आतून थेंबही झिरपत नव्हता. घरी येऊन ती लेकराशेजारी आडवी झाली आणि चक्क झोपली.

पुढे खोऱ्यातल्या गावागावानं मठाकडून घाणीचं दगडी चाक मागून नेलं. चाकाबरोबर रीतही गेली. चावडीवर जेवण असो की लग्नाची पंगत, आधी फेरा. बांधांवर बांध उभे राहिले आणि खोरं हिरवं झालं.

दुरून आलेला एखादा वाटसरू बांधावर थांबून विचारायचा, "इथला तो नावाजलेला मठ कुठे आहे हो?"

गावकरी आपल्या बांधावर पाय रोवून ताठ उभे राहायचे आणि म्हणायचे, "म्हणजे काय? त्याच्यावरच तर उभे आहात तुम्ही!"

तात्पर्य: नियम एकाला माफ केला की तो सगळ्यांसाठी मोडतो, आणि मोडलेला नियम दटावून उभा राहत नाही, त्याला आधी मोठ्यांनीच खांदा द्यावा लागतो.