नूरगडाची किल्ली

दिल्लीची पादशाही पार खिळखिळी झाली होती, पण तोरा मात्र जुनाच. नूरगडाला वेढा पडला, तेव्हा सुभेदार यावरखानानं कुमकेसाठी दिल्लीला सात पत्रं धाडली. मेलं एक उत्तर येईल तर शपथ! शेवटी गडकऱ्यांनीच मरमरून वेढा मोडला. आणि मग पादशहाचा वकील आला, धूळ नको म्हणून पालखीचे पडदे ओढून.

"खान, गुडघे टेकून किल्ली द्या. गड पादशहांचा, तुम्ही नुसते राखणदार!"

यावरखानाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गडावर अठरा घरांत अजून सुतक होतं. त्यानं उभ्यानंच किल्ली वकिलाच्या हातावर ठेवली.

"घ्या वकीलसाहेब. जाताना दरवाजाला कुलूप लावूनच जा."

वकील ऐटीत वेशीपाशी गेला. पाहतो तर नुसती जळकी चौकट, आणि तिच्यात लोहार, तेली, कोष्टी खांद्याला खांदा लावून उभे.

"दरवाजा पहिल्याच दिवशी जळाला," खान म्हणाला. "पुढं चाळीस दिवस हीच माणसं दरवाजा झाली. यांना लागेल अशी किल्ली दिल्लीत असली, तर खुशाल घेऊन या."

त्या शुक्रवारी नूरगडाच्या मशिदीत पादशहाऐवजी राजा म्हणून यावरखानाचं नाव वाचलं गेलं. दिल्लीला जाब विचारायला तोंडच उरलं नव्हतं.