राणीसरकारच्या कुंडीचं भोक

त्या राज्यात सगळे कुंडीत राहत. जमीन नावाची काही गोष्ट असते अशी एक अफवा होती, पण ती पसरवणाऱ्याला लोक खुळ्यात काढत. ज्याची कुंडी मोठी त्याचा मान मोठा, आणि सगळ्यांत मोठी, निळी चकचकीत कुंडी विजयाराणीची होती.

राणी भांगेच्या कुळातली. तिची पानं पंजासारखी पसरलेली होती. तिच्या सावलीत घटकाभर बसलं की कुणालाही राज्यात सगळं आलबेल आहे असं वाटू लागे. मुंग्यांची कुंडी फुटली तरी मुंग्या सावलीत येऊन बसत आणि हसत हसत परत जात. राज्य चालवायला याहून जास्त काही लागत नाही, असं दिवाण रंगराव सरडे म्हणत.

एका वर्षी राणीची खालची पानं पिवळी पडली.

दरबारानं सुरुवातीला तिकडे लक्ष दिलं नाही. खालची पानं ती खालचीच, त्यांचं काहीतरी चालूच असतं, असा एकूण समज होता. रंगरावांनी तर स्वतः पिवळा रंग धारण केला आणि यंदाचा राजरंग हाच असल्याचं जाहीर केलं. पण पिवळेपणा वर चढू लागला, तसा सावलीचा गुण उतरू लागला. लोक सावलीत बसून शुद्धीवर येऊ लागले. एका मुंगळ्यानं तर भर दरबारात उभं राहून विचारलं, "आमची कुंडी फोडली कुणी?" तेव्हा मात्र दरबाराला वैद्यांची आठवण झाली.

राज्यात नामांकित वैद्य दोन होते. शेणोजीराव हे शेणकिड्यांच्या घराण्यातले. जगातला प्रत्येक रोग उपासमारीनं होतो असं त्यांचं मत होतं, आणि त्यावरचं औषध ते स्वतःच वळून आणत. दुसरे डबकेशास्त्री, जातीनं बेडूक. त्यांच्या मते प्रत्येक रोगाचं मूळ तहान. उपचार झाल्यावर उरलेल्या पाण्यात बसून चिंतन करायची त्यांची पद्धत होती. म्हणून ते पाणी कमी कधी सांगत नसत.

शेणोजीरावांनी पिवळं पान उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "भूक. राणीसरकार उपाशी आहेत."

मग शेणखताच्या गोळ्या आल्या. मुंग्यांच्या रांगा लागल्या, कुंडीत थरावर थर चढले. आठ दिवसांत वरची पानं काळपट हिरवी झाली. दरबारानं टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठ दिवसांत त्याच पानांची टोकं विस्तवाला लागल्यासारखी करपली आणि पंजे खाली वळले. राणी आता पंजासारखी दिसेना, आकड्यासारखी दिसू लागली.

"हे करपणं आहे," डबकेशास्त्री आनंदानं म्हणाले. "म्हणजे उष्णता. म्हणजे तहान!"

सकाळी शंभर घागरी, दुपारी शंभर घागरी. राणीची पानं फुगली, जड झाली आणि देठापासून लोंबू लागली. पान लोंबतं ते तहानेनं, हे तर शेंबडं पोरही जाणतं, असं शास्त्रीबुवा म्हणाले आणि त्यांनी संध्याकाळच्या शंभर घागरी वाढवल्या. मातीवर हिरवं शेवाळ धरलं. चिलटं आली. रंगरावांनी शेवाळाला राजउद्यान असं नाव दिलं. चिलटांना त्यांनी भाट म्हणून नेमलं, कारण ती सारखी काहीतरी गुणगुणत असत.

पानं मात्र खालून वर पिवळी पडतच राहिली. मग पुन्हा शेणोजीराव, पुन्हा शास्त्री. एकाच्या औषधानं जो रोग उपटे तो दुसऱ्याला बरोबर ओळखता येई. दोघांचं इतकं छान जमलं होतं, की राणी मरायला टेकली आहे हे सांगायची कुणालाच घाई नव्हती.

अशा एका दुपारी कुंडीतली माती हलली आणि भुईआक्का वर आली.

भुईआक्का म्हणजे त्या कुंडीतलं म्हातारं गांडूळ. राणी रोपटं होती तेव्हापासून ती मुळांशी माती उकरत होती. दरबारानं तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि तिलाही दरबार पाहायची हौस नव्हती. पण खाली आता राहवत नव्हतं. तिच्या दोन भाच्या चिखलात गुदमरून मेल्या होत्या. त्यांना बाजूला सारायलाही कोरडी जागा उरली नव्हती.

"सरकार," ती धापा टाकत म्हणाली, "तुम्हास्नी तहान न्हाई लागली. तुम्ही बुडताय."

दरबार हसला. शेणोजीरावांनी तिला तिची पदवी विचारली.

"पदवी न्हाई. पर मी मुळांपाशी ऱ्हाते. पांढरी मुळं व्हती, आता तपकिरी झालीत. हात लावला की साल निघून येतीया. तहानलेलं पान कागदावानी पातळ हून लोंबतं. हे फुगून लोंबतंय. अन् मुळंच खाईनात, तर वरनं शेण घालून काय हुनार? कुनी मातीत बोट तरी घालून बघितलं का?"

बोटं असलेले दरबारात दोघेच होते. रंगरावांनी आपली बोटं पोटाखाली लपवली, उरले डबकेशास्त्री. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"शास्त्रात बोट घालण्याचा उल्लेख नाही," ते म्हणाले.

"घाला," राणी म्हणाली. कित्येक दिवसांत ती प्रथमच बोलली होती.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून बोट घातलं. ते दोन पेरं आत गेलं आणि पचकन असा आवाज झाला. बोट बाहेर आलं तेव्हा त्याला असा वास होता, की चिलटंही क्षणभर गप्प झाली.

"इतकं पाणी साचलं कसं?" राणीनं विचारलं. "कुंडीला खाली वाट असते ना?"

"व्हती," भुईआक्का म्हणाली. "बुडाला भोक व्हतं. गेल्या साली त्यात चिंध्यांचा बोळा कोंबलाय."

राणीसरकारच्या बुडाचा आणि भोकाचा उच्चार भर दरबारात झाल्यामुळे दोन गोगलगायी शंखात शिरल्या. रंगराव लालभडक झाले.

"मीच कोंबवला," ते ताठ मानेनं म्हणाले. "पाहुणे जेवायला बसले होते आणि राणीसरकारांखालून गढूळ पाण्याचा ओघळ आला. परक्यांनी ते पाहणं शोभलं असतं? आणि आज ते उघडलं, तर आतलं सगळं दरबारात येईल!"

"आतलं आत ठेवून मी मरते आहे, रंगराव," राणी म्हणाली. "उघडा."

कुणी पुढे होईना. बुडाशी हात घालणं कुणाच्याच पदाला शोभणारं नव्हतं. शेवटी ज्याची कुंडी फुटली होती तो मुंगळा आपली माणसं घेऊन कुंडीखाली शिरला, आणि भुईआक्का आतून निघाली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. भाच्या मेल्या त्याच काळ्या चिखलातून तिला खाली जायचं होतं, आणि वाटेत श्वास घ्यायला जागा नव्हती. वर सगळे वाट पाहत राहिले. राणीला जाणवलं, आपल्या मुळांपाशी काहीतरी हळूहळू, थांबत थांबत सरकतं आहे. मग बराच वेळ काहीच सरकलं नाही.

"गेली बिचारी," शेणोजीराव म्हणाले आणि शोकसभेचा विषय काढू लागले.

इतक्यात बोळा सुटला.

काळं पाणी असं धावलं की पहिली रांग वाहून गेली. वर्षभराचं शेण, शेवाळ, कुजकी मुळं, सगळं दरबाराच्या गुळगुळीत फरशीवर पसरलं. मानकरी एकमेकांच्या खांद्यावर चढले. रंगरावांनी ताबडतोब काळा रंग धरला आणि हा रंग मुळात आपलाच असल्याचं सांगितलं. पाण्याच्या शेवटच्या लोटाबरोबर भुईआक्का बाहेर पडली, चिंधीसारखी. मुंगळ्यानं तिला उचलून ओलसर सावलीत ठेवलं. बऱ्याच वेळानं ती हलली.

राणीनं तिला औषध विचारलं.

"काय बी करू नका," ती म्हणाली. "माती वाळू द्या. कुंडी हलकी लागली की मगच पानी. शेन तर नकोच. अन् पिवळी पानं हिरवी व्हनार न्हाईत, त्यांच्याकडं बघत बसू नका. नवं पान कसं येतंय ते बघा."

काही न करणं हे दोन्ही वैद्यांना फार जड गेलं. शास्त्रीबुवांना तर अंगावर पुरळ आलं. पण राणीनं पहारा बसवला. पिवळी पानं एकेक करून गळली, राणी उघडीबोडकी दिसू लागली, लोक हळहळले. अकराव्या दिवशी शेंड्याला पोपटी पान फुटलं. सात बोटं, सगळी सरळ.

महिन्याभरात सावली परत आली आणि सावलीबरोबर तिचा गुणही आला. दरबार तिच्यात बसला आणि त्याला सगळं आलबेल वाटू लागलं. मुंगळाही बसला आणि आपण काय विचारत होतो ते विसरला. राणीचंही मन प्रसन्न झालं. अशा वातावरणात रंगरावांनी ठराव मांडला, की ज्या पवित्र भोकानं राणीसरकारांचे प्राण वाचवले त्याचा यथोचित सन्मान व्हावा. म्हणून त्यावर सोन्याचं झाकण बसवावं, आणि झाकणावर भुईआक्कांचं नाव कोरावं. राणीनं हसून मान डोलावली.

समारंभाला वाजंत्री आली. चिलटांनी पोवाडा म्हटला. झाकण लखलखत होतं, भोकात बरोबर बसेल असं घासूनपुसून केलं होतं. दोन्ही वैद्यांनी ते पालखीतून आणलं. सत्कारमूर्तींना बोलवायला रंगराव स्वतः कुंडीखाली वाकले.

भुईआक्का भोकात बसली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. सनई वाजत होती, झाकण धरून सगळे ताटकळत उभे होते, आणि तिच्या अंगावरून ओघळून गढूळ पाण्याचा एकेक थेंब फरशीवर पडत होता.