न खोकणारा मानकरी

फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. मिरची कांडून तिखट करण्याखेरीज त्या गावाला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं कुणाला वाटतही नव्हतं. आसपासच्या सगळ्या बाजारांत त्यांच्याच तिखटाला मागणी. एका उखळाशी दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाचं मुसळ वर तेव्हा दुसऱ्याचं खाली, आणि दर घावाला छातीतून मोठा हुंकार काढायचा, अशी त्यांची कांडायची रीत. मिरचीचा खकाणा नाकातोंडात जाऊ नये म्हणून सगळे फडकं बांधूनच उखळाशी उभे राहत. काम संपलं की फडकं सुटून खांद्यावर जाई.

फडकं न बांधता कांडायची मुभा गावात फक्त एकाला होती. त्याला मानकरी म्हणत. हा मान वाडवडिलांकडून मिळत नसे, कमवावा लागे. दर हंगामाच्या सुरुवातीला चावडीपुढे निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, तिच्यावर मूठभर वाळल्या मिरच्या टाकायच्या आणि भोवती कोंडाळं करून बसायचं. ज्याला ठसका लागला तो उठला. शेवटपर्यंत न खोकता जो बसेल तो त्या वर्षाचा मानकरी. पाहुण्यारावळ्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटे, आणि होताही. पण ज्या गावाला ज्याचं कौतुक!

हैबती हा कित्येक वर्षं तिथला मानकरी होता. माणूस मनाचा चांगला, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा, फक्त मानाचं नाव काढलं की छाती वीतभर पुढे यायची. बाकीचे ठसकत, खोकत पळत सुटले तरी हा आपला डोळे पुसत, मिशीला पीळ देत बसलेला. आणि नशिबाची गंमत पाहा, त्याची बायको येसा मात्र छातीने नाजूक. दुहेरी फडकं बांधूनही तिला खकाण्याने ठसका लागायचा.

"हैबती, तुझ्या वाटणीचा खोकला बायकोला दिलास व्हय रे!" लोक चिडवायचे.

हैबती त्यांच्याबरोबर हसायचा. येसावर त्याचा जीव होता, उखळाशी जोडीदार म्हणून तो दुसऱ्या कुणाला उभं करत नसे. पण चारचौघांत ती खोकली की मनातून त्याला लाज वाटायची, हेही खोटं नाही.

एका वर्षी मुलखात साथ आली. आधी ताप, मग धाप, आणि मग माणसाला श्वास पुरेनासा व्हायचा. लोक तिला धापेची साथ म्हणू लागले. पलीकडच्या दोन गावांत माणसं गेल्याची बातमी आली तशी या गावाचीही पाचावर धारण बसली. पाटलांनी बाजारपेठेतल्या वैद्याला बोलावणं धाडलं. वैद्य आला तो तोंडाला पंचा बांधूनच. गावात न शिरता वेशीवरच्या चिंचेखाली उभा राहिला आणि लांबूनच बोलला.

"ही साथ श्वासातून पसरते. खोकणाऱ्याच्या श्वासातून पसरते, तशी न खोकणाऱ्याच्याही. कुणाकुणाचा नुसता वास आणि चव जाते, बाकी माणूस धडधाकट. पण तोही दहा घरं आजारी पाडतो. म्हणून सगळ्यांनी फडकी बांधा. उखळाशी बांधता तशीच चावडीवर, पाणवठ्यावर, घरातसुद्धा."

"अहो वैद्यबुवा, आमी मिरची पचवनारी मानसं," हैबती म्हणाला. "आमच्या नाकात काय शिरनार?"

"तुमच्या नाकात काय शिरतं त्यासाठी नाही सांगत मी," वैद्य म्हणाला. "तुमच्या तोंडातून काय बाहेर पडतं, त्यासाठी सांगतोय."

हे काही गावाच्या डोक्यात शिरेना. जन्मभर फडकं बांधलं ते बाहेरचा खकाणा आत येऊ नये म्हणून. आतलं बाहेर जाऊ नये म्हणूनही ते बांधायचं असतं, हा विचार त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केला नव्हता.

शिवाय हंगाम तोंडावर आला होता. सगळ्यांनी दिवसभर तोंडं बांधून, एकमेकांपासून लांब राहायचं, तर कांडायचं कधी आणि गाड्या भरायच्या कधी? पाटील माणूस दुष्ट नव्हता, पण त्याला घाई होती. त्याने आपल्या गावाला शोभेल अशी तोड काढली. शेगडी ठेवायची. जो खोकेल तो आजारी, त्याने फडकं बांधून घरी बसायचं. जो खोकणार नाही तो निरोगी, त्याने खुशाल मोकळ्या तोंडाने हिंडावं. गावाला हे एकदम पटलं. सोयीचं असलं की आपल्यालाही पटतंच की!

शेगडीवर मिरच्या पडल्या, धूर निघाला आणि सगळ्यांत आधी खोकली ती येसा. शेजारची सगुणा आपल्या लहानग्या लेकीला उचलून चटकन बाजूला सरकली.

"पाटील, मला तर दरसालच ठसका लागतो की," येसा म्हणाली.

"औंदाचा येगळा," पाटील म्हणाले. "तू घरला जा बाई."

येसाने हैबतीकडे पाहिलं. हैबतीने शेगडीकडे पाहिलं. ती मुकाट्याने उठून गेली.

एकेक करत कितीतरी जण उठले. पहिली मूठ जळेपर्यंत जे टिकले ते निरोगी ठरले; मग मानासाठी आणखी मिरच्या पडल्या आणि शेवटी हैबती एकटा उरला. आणि नवल म्हणजे या वर्षी त्याच्या डोळ्यांना पाणीसुद्धा आलं नाही. नाकाला काही झोंबलंच नाही. आपण आता पुरते पोलादाचे झालो असं त्याला वाटलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी तो जेवायला बसला. येसाने स्वयंपाक करून ताट झाकून ठेवलं होतं आणि ती स्वतः पडवीत जाऊन बसली होती. ताटात भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. हैबतीने घास घेतला. काहीच लागलं नाही. ना तिखट, ना मीठ. त्याने ठेचा बोटावर घेऊन नाकाशी नेला. वास नाही. मिरची जिभेवर ठेवून ती कुणाच्या शेतातली हे सांगणारा माणूस तो, आणि त्याला माती चघळल्यासारखं वाटत होतं. चिंचेखालच्या वैद्याचे शब्द त्याला लख्ख आठवले.

"अवं, ठेचा खारट झाला का?" पडवीतून येसाने विचारलं. "काहीच बोलला न्हाईत."

"झकास झालाय," हैबती म्हणाला.

"मग एक ऐकाल माझं? वैद्य म्हनला तसं तुमीबी फडकं बांधा. मी धुऊन ठेवलंय. दिवसभर धा जनांत ऊठबस तुमची."

दुसऱ्या दिवशी हंगामाचं पहिलं कांडण होतं. मानकऱ्याने पहिला घाव घालायचा, हुंकार द्यायचा आणि सगळ्या गावाने त्याच्यामागून तो उचलायचा. आज खरं बोललं तर उद्या मुसळ दुसऱ्याच्या हातात जाणार, आणि आपण तोंड बांधून खोकणाऱ्यांच्या रांगेत बसणार. त्याच्याने ते सोसवेना.

"मानकऱ्यानं फडकं बांधायचं? लोक तोंडात शेन घालतील," तो म्हणाला. मनात म्हणाला, उद्याचा एक दिवस जाऊ दे, परवा सांगून टाकू.

अंगात काही नसेलही, जीभच रुसली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पण ती पटली नव्हती. पटली असती तर त्याला झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे निरोगी ठरलेला सारा गाव लोटला. शेगडी माफ असलेली पोरंटोरं पुढे, बायामाणसं मागे. हैबतीने सगुणाच्या लेकीला कौतुकाने कडेवर घेतलं, तिच्या हाताने मुसळाला कुंकू लावलं, मग तिला खाली ठेवून पहिला घाव घातला आणि असा हुंकार दिला की डोंगरावरून आवाज परत आला. त्याच्या तोंडाच्या वाफेसमोर गाव दाटीवाटीने उभा होता. कुणाच्याच तोंडावर फडकं नव्हतं. फडकेवाले सगळे घरात बसले होते, आणि त्यांतले बहुतेक ठणठणीत होते.

घरी आल्यावर हैबती पडवीत येसाच्या अगदी शेजारी बसला. तिला समारंभाला येऊ दिलं नव्हतं, म्हणून त्याने तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं. पाटलांच्या पागोट्याची नक्कल केली. येसा हसून हसून बेजार झाली. हसता हसता फडकं तिच्या नाकावरून घसरलं, ते तिने वर ओढलं. समोरचं तोंड मात्र उघडंच होतं.

परवा उजाडला, तेरवा उजाडला, हैबतीने कुणाला काही सांगितलं नाही. एकदा लांबलेली गोष्ट आणखी लांबवणं सोपं असतं.

मग घराघरांत ताप आला. जी पोरं पुढे उभी होती त्यांच्या घरी आधी. सगुणाची लेक गेली. पाठोपाठ म्हातारी माणसं जाऊ लागली. उखळं बंद पडली. आणि येसाही अंथरुणाला खिळली. हैबतीला साधी कणकण आली नाही.

आता गावाला कुणीतरी हवंच होतं. पाणवठ्यावर कुणीतरी म्हणालं, "शेगडीपाशी पयली कोन खोकली? तिनंच आनली ही साथ." ऐकता ऐकता ते सगळ्या गावाचं मत झालं. येसाच्या दारावरून जाताना लोक थुंकू लागले. हैबती हे ऐकत होता, पाहत होता. त्याने ब्र काढला नाही.

येसाची शुश्रूषा मात्र त्याने मनापासून केली. आता तो तिच्याजवळ जाताना फडकं बांधत होता.

"बांधलंत व्हय?" येसा धापा टाकत म्हणाली. "लई ब्येस केलंत."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "सगुणाची पोर गेली म्हनं?"

"गेली."

येसाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "माज्यापायी गेली. मला वाटलं, माजा नेहमीचाच ठसका. पाटील म्हनले त्येच खरं होतं. तुमाला तरी काई झालं न्हाई, देवाची किरपा. सगुणाला म्हनावं, मला माफ कर."

"येसा, ऐक," तो म्हणाला.

"काय?"

इतक्या आजारी बाईला हे कसं सांगायचं, असं त्याने मनाशी म्हटलं. खरं तर तिच्या डोळ्यांतली माया उतरलेली त्याला बघवणार नव्हती.

"काई न्हाई. तू नीज. सकाळी बोलू."

सकाळी येसा नव्हती.

महिन्या-दोन महिन्यांनी साथ ओसरली. उरलेला गाव चावडीवर जमला. थांबलेलं कांडण पुन्हा सुरू करायचं होतं. अशा वेळी गेलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन उखळात मूठभर मिरच्या टाकायच्या, ही त्यांची रीत. पाटील उठले. त्यांचीही आई गेली होती.

"हैबती साऱ्या गावात मोकळ्या तोंडानं हिंडला, तरी त्याच्या केसाला धक्का लागला न्हाई," ते म्हणाले. "म्हनून मानकऱ्याचा मान आता जन्मभर त्याचाच. अन् येसाचं नाव उखळावर घ्यायचं न्हाई. तिच्यापायी गाव बुडालं. हैबती, वाईट वाटून घेऊ नकोस."

कुणी हरकत घेतली नाही. हैबती उभा राहिला.

"साथ येसानं न्हाई आनली," तो म्हणाला. "शेगडीपाशी मला मिरची झोंबलीच न्हाई. माझं नाक अन् जीभ दोनी गेली होती. घरी ठेचा खाल्ला तवा मला समजलं. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या पुढ्यात हुंकार दिला. सगुणा, तुझी पोर मी कडेवर घेतली. येसालाबी मीच मारली."

मग सगुणा पुढे आली.

"तुला ठावं होतं?"

"व्हय."

"अन् घरात फडकं होतं?"

"येसानं धुऊन ठेवलं होतं."

"मग?"

हैबतीजवळ उत्तर होतं, पण ते इतकं क्षुल्लक होतं की त्या आईसमोर त्याला ते उच्चारता येईना. सगुणा वाट पाहत उभी राहिली. शेवटी तीच वळली, टोपलीतल्या मूठभर मिरच्या घेतल्या, उखळाशी गेली आणि आपल्या लेकीच्या आधी तिने येसाचं नाव घेतलं.

हैबतीला कुणी मारलं नाही, गावाबाहेरही काढलं नाही. पाटीलसुद्धा काही बोलू शकले नाहीत, कारण शेगडी त्यांची होती आणि तिला मान सगळ्यांनी डोलावली होती. त्या वर्षापासून शेगडीची रीत बंद झाली. हैबती पुढे पुष्कळ वर्षं जगला. पण त्या दिवशी चावडीवरून तो घरी आला तो येसाच्या रिकाम्या अंथरुणापाशी बसला, आणि जे गावाला सांगितलं ते सगळं पहिल्यापासून तिला सांगू लागला. ऐकायला ती नव्हती.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: साथीच्या दिवसांत आपण धडधाकट आहोत म्हणून आपलं तोंड मोकळं सोडू नये. त्याची किंमत आपल्याला नव्हे, आपल्या शेजारी बसलेल्या माणसाला द्यावी लागते, आणि मग माफी मागायला ते माणूस उरत नाही.